चूक किती, आणि ती कळते कधी? : प्रस्तावना

९ जून १९९५ च्या दुपारी ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला निघालं. जहाजावर दीड हजारांवर माणसं होती. बंदर सोडून तासभरही झाला नसेल, तोच जीपीएसच्या अँटेनाची केबल जोडणीतून निसटली. यंत्र बंद पडलं नाही. शेवटचं माहीत असलेलं ठिकाण, वेग आणि दिशा यांवरून हिशेब करून ते पुढची ठिकाणं दाखवत राहिलं. पडद्यावर ‘डीआर’ आणि ‘एसओएल’ अशी बारीक अक्षरं उमटली, सेकंदभर किणकिण झाली, एवढीच काय ती सूचना. स्वयंचलित सुकाणूने आलेले आकडे खरे मानले. पडद्यावरचं जहाज आखलेल्या रेघेवरून बिनचूक चाललं होतं आणि खरं जहाज वाऱ्याने, प्रवाहाने हळूहळू बाजूला सरकत होतं. शेजारी लोरान-सी हे जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून ठिकाण सांगणारं दुसरं यंत्र ठीक चालू होतं, पण दोन्हींचे आकडे ताडून पाहायचं कुणाला सुचलं नाही. १० जूनच्या रात्री नॅनटकेट बेटाजवळच्या उथळ वाळूवर जहाज चढलं, तेव्हा ते मार्गापासून सुमारे १७ सागरी मैल भरकटलेलं होतं. चौतीस तासांहून अधिक काळ ते चुकीच्या आकड्यांवर चाललं होतं.

सुदैवाने कुणी जखमी झालं नाही. चौकशीत केबलच्या जोडणीपासून खलाशांच्या सवयींपर्यंत सगळ्याचा कीस पडला. उपग्रहाधारित दिशादर्शनाची चाचणी घेणाऱ्याने मात्र या अपघातातून एक गोष्ट गाठीशी बांधून घ्यावी. त्या यंत्राची अचूकता किती मीटर आहे, असं कुणी निघण्यापूर्वी विचारलं असतं तर मिळालेलं उत्तर खरंच ठरलं असतं. ते उत्तर ज्या अटीवर अवलंबून होतं ती अट मोडली, आणि मोडल्याचं माणसाच्या कानावर नीट गेलं नाही.

हे पुस्तक उपग्रहांच्या सिग्नलमधली चूक कमी करणाऱ्या दुरुस्ती प्रणालींबद्दल, आणि विमान, जहाज, रेल्वे, मोटार या चार वाहनांवर त्या प्रणालींची परीक्षा कशी घ्यायची याबद्दल आहे. ‘किती मीटर चुकतं?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. ‘चुकतंय हे किती सेकंदांत कळतं?’ हा प्रश्न फार थोडे विचारतात. आणि ‘कोणत्या वाहनाला, कोणत्या दिशेची चूक महागात पडते?’ हा तिसरा प्रश्न तर बहुतेक वेळा राहूनच जातो. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्र मागितल्याशिवाय चाचणी पुरी होत नाही, आणि एका वाहनावर मिळालेलं प्रमाणपत्र दुसऱ्याला उसनं देता येत नाही, हे या पुस्तकाचं मुख्य म्हणणं आहे.

दुरुस्ती कशाची?

सिग्नल उपग्रहावरून कधी निघाला आणि आपल्याकडे कधी पोचला, यातल्या फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की अंतर मिळतं. चार उपग्रहांपासूनची अंतरं हाती आली की ठिकाण आणि वेळ दोन्ही निघतात. खोट येते ती वेळेत. सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाएवढी चूक म्हणजे तीन मीटर. उपग्रहाचं घड्याळ किंचित सरकतं, त्याची कक्षा कळवलेल्यापेक्षा जराशी वेगळी असते, वाटेतलं आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, सिग्नलला रेंगाळवतं, आणि अगदी शेवटी आसपासच्या भिंती, डोंगर, पत्रे यांवर आपटून आलेला सिग्नल मूळ सिग्नलमध्ये मिसळतो.

वाण्याच्या काट्यावर पक्कं एक किलोचं वजन ठेवलं आणि काट्याने एक हजार वीस ग्रॅम दाखवले, तर त्या दिवशी प्रत्येक मापातून वीस ग्रॅम वजा करायचे. दुरुस्तीचं तत्त्व तेच. ज्या जागेचं ठिकाण सेंटिमीटरपर्यंत मोजलेलं आहे तिथे रिसीव्हर बसवायचा, त्याला येणारी चूक मोजायची आणि आसपासच्या सगळ्यांना कळवायची. वर सांगितलेल्या चार चुकांपैकी पहिल्या तीन साऱ्या परिसराला सामाईक असतात, म्हणून त्या अशा वजा करता येतात. चौथी ज्याची त्याची असते. तुमच्या गाडीशेजारच्या काचेच्या इमारतीवरून परावर्तित झालेला सिग्नल नागपूरला बसवलेल्या रिसीव्हरला कसा कळणार? दुरुस्ती प्रणाली कितीही चांगली असली तरी ही चूक तिच्या हातात नाही. पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात ही गोष्ट पुन्हा भेटेल.

सुरुवातीच्या दुरुस्ती प्रणाली समुद्रकिनाऱ्यांवर उभ्या राहिल्या. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम गडबड करत असे, आणि सामान्य वापरकर्त्याला सुमारे शंभर मीटरपर्यंतची चूक सोसावी लागे. किनाऱ्यावरचे डीजीपीएस मनोरे ती गडबड पुसून टाकत. पुढे विमानांसाठी अख्ख्या खंडाला पुरेल अशी व्यवस्था हवी झाली, म्हणून दुरुस्ती थेट भूस्थिर उपग्रहावरून पाठवायला सुरुवात झाली. अमेरिकेची ‘वास’ प्रणाली १० जुलै २००३ ला सुरू झाली, जपानची ‘एमसास’ २००७ मध्ये. युरोपच्या ‘एग्नॉस’ची सर्वांसाठीची सेवा २००९ मध्ये आणि विमानांच्या सुरक्षिततेसाठीची सेवा २०११ मध्ये खुली झाली.

आपली प्रणाली ‘गगन’. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ती मिळून उभारली. जम्मूपासून तिरुवनंतपुरमपर्यंत आणि पोरबंदरपासून दिब्रुगड, पोर्ट ब्लेअरपर्यंत पंधरा संदर्भ केंद्रं आहेत. त्यांत नागपूर आणि गोवा ही दोन आपल्या ओळखीची. त्यांची मोजमापं बंगळूरच्या मुख्य नियंत्रण केंद्रात जातात. तिथे दुरुस्तीचा हिशेब होतो आणि ती जीसॅट-८, जीसॅट-१० आणि जीसॅट-१५ या उपग्रहांमार्फत दर सेकंदाला एक संदेश अशी खाली येते. ३० डिसेंबर २०१३ ला ‘गगन’ला मार्गातल्या उड्डाणासाठी मान्यता मिळाली आणि २१ एप्रिल २०१५ ला उंचीच्या मार्गदर्शनासह धावपट्टीकडे उतरण्यासाठी.

गावाकडच्या वाचकाने भूमी अभिलेख खात्याचा मोजणीदार रोव्हर, म्हणजे उपग्रहांचे सिग्नल घेणारा रिसीव्हर, घेऊन बांधावर उभा राहिलेला पाहिला असेल. तोही दुरुस्तीवरच चालतो, आणि त्याची अचूकता ‘गगन’पेक्षा कितीतरी जास्त, अगदी सेंटिमीटरांची. मग तोच रोव्हर आगगाडीवर का बसवू नये? मोजणीदाराचं ‘फिक्स’ सुटलं तर तो थांबतो, पुन्हा घेतो, संशय आला तर दुसऱ्या खुणेवर ताडून पाहतो. ताशी ११० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीला थांबून ताडून पाहण्याची सोय नाही. तिला गरज असते ती आकड्यासोबत मिळणाऱ्या हमीची.

चार कसोट्या आणि एक आलेख

विमान वाहतुकीने या हमीचा विचार सगळ्यांआधी आणि सगळ्यांत काटेकोरपणे केला. त्यातून चार कसोट्या आल्या. अचूकता: शंभरांतल्या ९५ वेळा चूक अमुक मीटरच्या आत. विश्वसनीयता: चूक मर्यादेबाहेर गेली तर ठरलेल्या सेकंदांत इशारा. सातत्य: काम सुरू केल्यावर मध्येच सेवा तुटणार नाही. उपलब्धता: या तिन्ही गोष्टी एकाच वेळी किती टक्के काळ मिळतात.

विमान उतरवण्याच्या ज्या पातळीसाठी ‘गगन’ला २०१५ मध्ये मान्यता मिळाली, तिच्यात आडवी अचूकता १६ मीटर आणि उभी २० मीटर हवी. इशारा १० सेकंदांत मिळाला पाहिजे. आणि एका उतरणीत, इशारा न देता, धोकादायक चूक होण्याची शक्यता एक कोटीत दोन, म्हणजे पन्नास लाखांत एक. वैमानिकाला जमिनीपासून २०० फुटांपर्यंत याच आधारावर खाली यायचं असेल तर उभी अचूकता ४ ते ६ मीटरवर येते आणि इशाऱ्याची मुदत ६ सेकंदांवर.

पन्नास लाखांत एक ही गोष्ट विमान उडवून सिद्ध करता येत नाही, हे इथेच लक्षात घ्यावं. तेवढी उड्डाणं करायला पिढ्या जातील. म्हणून चाचणीचा उरलेला भार गणित, दोषांचं विश्लेषण आणि वर्षानुवर्षं साठवलेल्या नोंदी यांवर पडतो. ‘आम्ही दहा फेऱ्या मारल्या, एकदाही चुकलं नाही’ हे वाक्य अचूकतेबद्दल थोडंफार सांगतं; विश्वसनीयतेबद्दल काहीच सांगत नाही.

या क्षेत्रातली माणसं एक आलेख रोज डोळ्यांखालून घालतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावाने तो ओळखला जातो, आणि या पुस्तकातल्या बहुतेक आकृत्या त्याच धाटणीच्या आहेत, म्हणून तो इथे नीट समजून घेऊ. रिसीव्हर प्रत्येक सेकंदाला ठिकाण सांगतो, आणि सोबत एक अंतर सांगतो: ‘खरं ठिकाण माझ्या उत्तरापासून यापेक्षा दूर नसेल.’ या अंतराला संरक्षण पातळी म्हणतात. आलेखाच्या आडव्या अक्षावर प्रत्यक्ष चूक मांडायची, उभ्यावर संरक्षण पातळी. मग एक तिरकी रेघ, जिच्यावर दोन्ही सारखे. दर सेकंदाचा एक ठिपका पडत जातो. ठिपके तिरक्या रेघेच्या वर असतील तर रिसीव्हर प्रामाणिक आहे: तो कबूल करतो त्यापेक्षा प्रत्यक्षात कमीच चुकतोय. ठिपका फार वर, सुरक्षित मर्यादेच्याही पलीकडे गेला, तर रिसीव्हर स्वतःच सांगतोय की माझ्यावर विसंबू नका. सेवा गेली, पण फसवणूक झाली नाही. भीती असते ती तिरक्या रेघेखालच्या कोपऱ्याची. तिथे चूक मोठी आणि कबुली छोटी. लाख ठिपक्यांत एकही तिथे पडला तर सगळं काम थांबवून त्या एका सेकंदाचा माग काढला जातो. सरासरी काढणाऱ्याला तो ठिपका दिसतच नाही. ‘रॉयल मॅजेस्टी’चा असा आलेख काढला असता तर चौतीस तासांचे ठिपके त्याच कोपऱ्यात गोळा झाले असते.

आपल्या डोक्यावरचं आकाश

अमेरिका आणि युरोपात सिद्ध झालेली प्रणाली भारतात आणून बसवली की झालं, असं कुणाला वाटेल. इथे आयनांबर आडवं येतं. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्त रेषा भारताच्या दक्षिण टोकावरून जाते. १९६३ मध्ये भारतातून पहिलं रॉकेट उडवायला केरळातलं थुंबा निवडलं गेलं ते याच कारणाने. या रेषेवर दिवसा उचलले गेलेले विद्युतभारित कण दोन्ही बाजूंना घरंगळतात आणि उत्तरेला साधारण अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता या पट्ट्यावर त्यांचा दाट थर साचतो. महाराष्ट्र या दोन टोकांच्या मधोमध, म्हणजे उतारावरच येतो. काही अंश सरकलं की सिग्नलचा विलंब बदलतो. पाच-पाच अंशांच्या चौकटी आखून दुरुस्ती देण्याची अमेरिकी पद्धत तशीच उचलणं इथे पुरेसं नव्हतं, म्हणून इस्रोने अनेक थरांचं स्वतंत्र गणित बसवलं. विषुववृत्तीय आयनांबराखाली उंचीच्या मार्गदर्शनासाठी मान्यता मिळवणारी ‘गगन’ ही जगातली पहिली प्रणाली आहे.

चाचणी घेणाऱ्याने यातून वेळापत्रकाचा धडा घ्यायचा. सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत, आणि त्यातही मार्च-सप्टेंबरच्या आगेमागे, आयनांबरात बुडबुडे उठतात आणि सिग्नल लुकलुकू लागतो. डिसेंबरातल्या सकाळी दहा वाजता घेतलेली चाचणी जवळजवळ कोणतीही प्रणाली पास होईल. सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रातली शांत वर्षंही अशीच फसवी. कुलाब्याच्या वेधशाळेत १८५९ च्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद झालेली आहे, आणि तीच परंपरा आज पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते. जुन्या नोंदी फक्त इतिहासकारांच्या कामाच्या नसतात. चाचणी कोणत्या वाईट दिवसासाठी आखायची, ते त्या सांगतात.

ऑक्टोबर २००३ च्या अखेरीस असा वाईट दिवस आला. ‘वास’ सुरू होऊन चार महिनेही झाले नव्हते. सौर वादळामुळे आयनांबर इतकं ढवळलं की विमानांना उंचीचं मार्गदर्शन २९ ऑक्टोबरला सुमारे १५ तास आणि ३० ऑक्टोबरला सुमारे ११ तास मिळालं नाही. वर्तमानपत्री भाषेत ही प्रणाली कोलमडली. चाचणीच्या भाषेत मात्र तिने उपलब्धता गमावली आणि विश्वसनीयता राखली: जे खात्रीने सांगता येत नव्हतं ते सांगायला तिने नकार दिला. हा फरक ज्याला पटला त्याला या पुस्तकाची अर्धी वाट चालून झाली.

चार वाहनं, चार प्रकारच्या चुका

विमानाचं डोकं उंचीकडे लागलेलं असतं, आणि उपग्रह नेमके उंचीतच कच्चे. आडव्या दिशेत उपग्रह चारी बाजूंना असतात, एकीकडची चूक दुसरीकडून तोलली जाते. उभ्या दिशेत ते सगळे वरच. खालचे पृथ्वीने झाकलेले. म्हणून उभी चूक आडवीपेक्षा बहुधा मोठी निघते. विमानाची एक मोठी सोय अशी की त्याला आकाश मोकळं मिळतं, भिंतींवरून आपटणाऱ्या सिग्नलची कटकट फार नाही. २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानातल्या किशनगडला इंडिगोचं एटीआर विमान ‘गगन’च्या आधाराने उतरलं. २०२३ मध्ये जुहूहून पुण्यापर्यंत एका हेलिकॉप्टरने याच आधारावर आखीव मार्गाने उड्डाण केलं. विमान उतरताना जमिनीवरून वाट दाखवणारी आयएलएसची महागडी यंत्रणा जिथे परवडत नाही अशा लहान विमानतळांना यातून काय मिळू शकतं, ते दुसऱ्या भागात सविस्तर आलं आहे.

जहाजाला उंचीशी देणंघेणं नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या निकषाप्रमाणे खुल्या महासागरात १०० मीटर आणि बंदराच्या तोंडाशी व किनाऱ्याजवळ १० मीटर अचूकता पुरते. बंदराजवळ इशारा १० सेकंदांत. हे आकडे सैल वाटतात, पण जहाजाची चाचणी भलत्याच ठिकाणी चकवते. अँटेना डोलकाठीवर असते. ती पाण्यापासून तीस मीटर उंच असेल आणि जहाज दहा अंश कललं, तर अँटेना पाच मीटर बाजूला जाते. रिसीव्हर अगदी बरोबर सांगत असतो, फक्त तो अँटेनाचं ठिकाण सांगत असतो. जहाजाचं पोट दुसरीकडेच असतं. डोलण्याची नोंद सोबत घेतली नाही तर हे पाच मीटर दुरुस्ती प्रणालीच्या नावावर लागतात. किनाऱ्यावरचं डीजीपीएसही आता सगळीकडे टिकलेलं नाही: अमेरिकेने आपलं जाळं २०२० मध्ये बंद केलं, आणि युरोपने २०२४ मध्ये ‘एग्नॉस’ची खास जहाजांसाठीची सेवा जाहीर केली. आपल्याकडे दीपगृहांवरचं डीजीपीएस, ‘गगन’च्या उपग्रहांवरून मच्छीमारांना हवामानाचे आणि मासळीच्या पट्ट्यांचे संदेश देणारं ‘जेमिनी’ उपकरण, आणि मोठ्या जहाजांची स्वतःची यंत्रं असे तिन्ही थर एकाच पाण्यात वावरतात.

रेल्वेचा प्रश्न सगळ्यांत टोकदार. गाडी रुळांवरून हलत नाही, म्हणजे ती कुठे आहे याचं अर्धं उत्तर आधीच माहीत. उरलेलं अर्धं मात्र जीवघेणं: गाडी अप लाइनवर आहे, डाउनवर आहे की लूपवर? आपल्याकडे नव्या कामांत शेजारच्या दोन मार्गांच्या मध्यांमधलं अंतर किमान ५.३ मीटर, जुन्यांत त्याहूनही कमी. चूक अडीच मीटरच्या पुढे गेली की गाडी शेजारच्या रुळावर दिसू लागते. विमानाला ज्या अचूकतेवर मान्यता मिळते तिच्यात इथले तीन-चार मार्ग मावतील. कोकण रेल्वेने तयार केलेलं टक्कररोधक उपकरण जीपीएसवर चालत असे, आणि त्याच्या रचनाकारांना या अडचणीची पुरेपूर कल्पना होती. म्हणून कोणता मार्ग हे त्यांनी थेट जीपीएसला विचारलं नाही. गाडी सांध्यांवरून जाताना डावीकडे वळली की उजवीकडे, या वळणांचा हिशेब ठेवून मार्ग ओळखण्याची युक्ती त्यांनी काढली. आजची ‘कवच’ प्रणाली ठिकाणासाठी रुळांवर बसवलेल्या आरएफआयडी टॅगांवर भिस्त ठेवते. आणि कोकण रेल्वेवर नव्वदांवर बोगदे आहेत. साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात ना उपग्रह दिसतो, ना दुरुस्तीचा संदेश येतो. अशा मार्गावर चाचणी म्हणजे सिग्नल नसताना गाडी किती वेळ तग धरते आणि बाहेर पडल्यावर किती सेकंदांत सावरते, हे मोजणं.

रस्त्यावर चूक पैशांत मोजली जाते. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्गांच्या शुल्कनियमांत बदल होऊन उपग्रहाधारित टोलला जागा मिळाली, आणि अशी यंत्रणा बसवलेल्या वाहनांना दिवसाला २० किलोमीटरपर्यंत सूट देण्याची तरतूद आली. प्रत्यक्षात सरसकट अंमल झालेला नाही, आणि चाचणीच्या दृष्टीने या विषयातली खरी मेख वेगळीच आहे. महामार्गाला चिकटून सर्व्हिस रोड असतो, त्यावर टोल नाही. उड्डाणपुलाखालचा रस्ता नकाशावर पुलाच्याच रेघेवर येतो. वर ट्रकच्या पत्र्यांची भिंत, बाजूला इमारती. इथे ‘९५ टक्के वेळा तीन मीटर’ या वाक्याचा उपयोग नाही. मोजायचं ते असं: हजार फेऱ्यांमागे किती जणांना न वापरलेल्या रस्त्याचं बिल गेलं, आणि किती जण बिल न देता सुटले. हे दोन आकडे वेगवेगळे सांगायला हवेत, कारण एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही.

भूगोलाने आपल्याला एक सवलत दिली आहे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर असतात. ऑस्लोमधून पाहिलं तर ते क्षितिजापासून पंचवीस अंशही वर येत नाहीत, इमारतीआड सहज जातात. मुंबईहून जीसॅट-१० साठ अंशांहून वर दिसतो. शहरात आणि घाटात दुरुस्तीचा संदेश आपल्यापर्यंत पोचण्याची शक्यता त्यामुळे बरीच चांगली. संदेश पोचला म्हणून परावर्तनाची चूक जात नाही, हेही तितकंच खरं.

परीक्षकाची परीक्षा

चूक मोजायची तर खरं ठिकाण माहीत हवं, आणि ते तपासल्या जाणाऱ्या यंत्रापेक्षा निदान दहापट अचूक हवं. उभ्या यंत्रासाठी हे सोपं. धावत्या वाहनासाठी वेगळा रिसीव्हर, जडत्वमापक, चाकांच्या फेऱ्या असं सगळं एकत्र करून नंतर शांतपणे हिशेब करावा लागतो. ताशी ११० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला तीस मीटर धावते. दोन यंत्रांच्या घड्याळांत सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचा फरक राहिला की तीन मीटरची खोटी चूक तयार.

खरं ठिकाणही स्थिर नसतं. भारतीय भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. वीस वर्षांपूर्वी पक्की केलेली खूण आज जागतिक चौकटीत मीटरभर पुढे गेलेली असते. उंचीचा घोळ त्याहून मोठा. उपग्रह ज्या गणिती पृष्ठभागापासून उंची सांगतात त्याच्यापेक्षा समुद्रसपाटी आपल्याकडे बरीच खाली आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर साठ मीटरांहून अधिक, आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात सुमारे १०६ मीटर. दोन अहवालांनी दोन वेगळ्या उंच्या धरल्या तर चांगली प्रणालीही नापास ठरेल.

रस्त्यावर रहदारी, हवामान, उपग्रहांची मांडणी काहीच दोनदा सारखं मिळत नाही. युरोपच्या ईएन १६८०३ या मानकाने त्यावर चांगला तोडगा काढला: रस्त्यावरचे सिग्नल जसेच्या तसे ध्वनिमुद्रणासारखे टिपून ठेवायचे आणि प्रयोगशाळेत प्रत्येक रिसीव्हरला तेच पुन्हा ऐकवायचे. सगळ्या परीक्षार्थींना एकच प्रश्नपत्रिका मिळते. आपल्याकडच्या घाटांच्या, गर्दीच्या रस्त्यांच्या, मार्चमधल्या संध्याकाळच्या अशा नोंदींचा साठा उभा राहिला, तर आयात केलेल्या यंत्रांनाही इथल्या परिस्थितीत तपासता येईल. चौथ्या भागात त्याचा आराखडा दिला आहे.

या पुस्तकाबद्दल

पहिल्या भागात सिग्नल आणि दुरुस्तीचं गणित आहे. बारावीच्या भौतिकशास्त्रावर ते समजेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांत चार वाहनांची प्रकरणं आहेत, ती सुटी वाचली तरी चालतील. चौथा भाग चाचणी आखणाऱ्यांसाठी आहे. कुणी जाणूनबुजून खोटा सिग्नल सोडला तर काय, या विषयाला एकच प्रकरण दिलं आहे. सीमेलगतच्या भागांत हा त्रास वैमानिकांना जाणवतो आहे. पण दुरुस्ती प्रणाली उपग्रहांची चूक सुधारते. उपग्रहाचा आव आणणाऱ्याला ओळखणं हे तिचं काम नाही, आणि तिच्या चाचणीतून त्याबद्दल आश्वासन मिळेल अशी अपेक्षाही ठेवू नये.

हे मराठीत लिहिलं कारण या यंत्रांबद्दलचे निर्णय आता महानगरपालिकांत, परिवहन महामंडळांत, बंदरांच्या कार्यालयांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी होतात. तिथे निविदा काढणारी, तपासणारी आणि अहवालावर सही करणारी माणसं मराठीत विचार करतात. त्यांच्यासमोर येणाऱ्या कागदावर बहुतेक वेळा एकच ओळ असते: अचूकता इतके मीटर. या पुस्तकाने त्यांना त्या ओळीखाली आणखी पाच ओळी मागायची सवय लावली, तर लिहिणं सार्थकी लागलं. किती टक्के वेळा? कोणत्या दिशेत? कोणत्या मार्गावर, वर्षातल्या कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी मोजली? खरं ठिकाण कशावरून ठरवलं? आणि मर्यादा ओलांडली गेली, तर गाडी चालवणाऱ्याला किती सेकंदांत कळेल? यांतल्या शेवटच्या ओळीसमोरची जागा कोरी असेल, तर बाकीचे आकडे कितीही देखणे असोत, सही करू नये.